सालीच्या अर्काचा झोन दर खेपेला बदलतो, तेव्हा काय तपासावे

अर्जुन, बाभूळ, कुडा, खैर, सालई अशा वृक्षांच्या सालीचा अर्क काढून त्याची जिवाणूरोधक क्षमता तपासणे हा नागपूर परिसरातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प आहे. साल सहज मिळते, अगर वेल डिफ्यूजनची पद्धत (जिवाणू पसरलेल्या अगरच्या, म्हणजे पोषक जेलीच्या, थरात ‘वेल’ नावाचे खड्डे पाडून त्यांत अर्क भरणे) सोपी वाटते आणि निकाल डोळ्यांना दिसतो: अर्काने वाढ रोखली तर वेलभोवती जिवाणू नसलेले वर्तुळ, म्हणजे झोन, उमटते. तरीही या प्रकल्पांत एकच अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. जानेवारीत ज्या अर्काने स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर स्वच्छ, गोल झोन दिला, त्याच अर्काचा झोन एप्रिलमध्ये निम्मा होतो, मे महिन्यात भलताच मोठा दिसतो आणि पावसाळ्यात तर वेलभोवती नुसती तपकिरी कड उरते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय सालीवर जातो आणि ते दुसरीकडून साल आणून सगळे काम पुन्हा करतात. माझ्या मते सालीवर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी, कारण झोनचा आकार बदलवणाऱ्या बहुतेक गोष्टी अर्काच्या बाहेर असतात आणि त्यांतल्या काही खास नागपूरच्या हवामानाने ओढवलेल्या असतात.

झोन कसा तयार होतो हे लक्षात घेतले, तर कारण शोधणे बरेच सोपे जाते. अर्क वेलमधून अगरात पसरत असतो आणि त्याच वेळी पृष्ठभागावरचे जिवाणू वाढत असतात. जिवाणूंची दाटी एका मर्यादेपलीकडे जाते, त्या क्षणी अर्क पुरेशा तीव्रतेने जिथवर पोचलेला असतो तिथे झोनची कड पक्की होते. त्यानंतर अर्क कितीही पुढे सरकला, तरी ती कड हलत नाही. म्हणजे जिवाणू जास्त टाकले तर झोन लहान होतो, ते सावकाश वाढले तर मोठा होतो, अगर जाड असेल तर अर्क खोलवर विभागला जाऊन झोन आक्रसतो आणि अर्कातला घटक पाण्यात विरघळणाराच नसेल तर तो वेलमध्ये बसून राहतो. यांपैकी एकाही गोष्टीचा सालीच्या गुणाशी संबंध नाही.

म्हणून अर्काच्या झोनकडे पाहण्याआधी प्रत्येक प्लेटवरचे, किंवा निदान प्रत्येक तुकडीतले, कंट्रोल, म्हणजे ज्यांचा निकाल आधीच ठाऊक असतो अशा तुलनेच्या चाचण्या, पाहावेत. जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची चकती ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाण वाणावर (एटीसीसी हे जिवाणू-संग्रहाचे नाव) १९ ते २६ मिलिमीटर आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ वर १९ ते २७ मिलिमीटर झोन देते. तुमच्या प्लेटवर हा आकडा या मर्यादेत बसत नसेल, तर त्या दिवशीचे अर्काचे झोन मोजून वहीत लिहिण्यात अर्थ नाही, मग ते कितीही सुंदर दिसोत. चकतीचा झोन आणि अर्काचा झोन दोन्ही एकाच दिशेने बदलले असतील, तर दोष प्लेट, कल्चर (वाढवलेले जिवाणू) किंवा इनक्युबेटरमध्ये (प्लेट ठरावीक तापमानाला ठेवण्याच्या कपाटात) आहे. चकतीचा झोन जागच्या जागी राहून फक्त अर्काचा बदलला असेल, तर दोष अर्कात किंवा तो विरघळवण्यात आहे. एवढी एक विभागणी केली, तरी निम्मी शोधाशोध वाचते. प्रकल्प एखाद्या रुग्णालयातून मिळालेल्या, नाव-गाव नसलेल्या वाणावर केला असेल, तर ही विभागणी करताच येत नाही. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगढच्या एमटीसीसी या संग्रहांतून प्रमाण वाण मागवण्यास थोडा खर्च येतो, पण माझ्या मते तो टाळू नये.

चकतीनेही मर्यादा ओलांडली असेल तर आधी जिवाणूंची दाटी तपासावी. ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाशी जुळणाऱ्या निलंबनात (जिवाणू मिसळलेल्या द्रवात) एका मिलिलिटरला साधारण १.५ × १०⁸ जिवाणू असतात आणि ६२५ नॅनोमीटरवर त्याचे शोषण ०.०८ ते ०.१३ येते. या मापाची बेरियम सल्फेटची जुनी नळी मांडणीवर महिनोन्‌महिने उघड्या उजेडात पडून असते, तळाशी गाळ बसतो, गुठळ्या होतात आणि तिच्याशी डोळ्यांनी ताडून केलेले निलंबन हवे त्यापेक्षा कितीतरी दाट किंवा विरळ निघते. नळी जोरात हलवल्यावर गढूळपणा एकसारखा झाला नाही, तर ती टाकून नवी करावी. निलंबन तयार झाल्यावर ते १५ मिनिटांच्या आत प्लेटवर पसरावे. दहा-बारा प्लेटची तुकडी करताना शेवटच्या प्लेटपर्यंत ही वेळ हमखास उलटते, आणि पहिल्या प्लेटचा झोन मोठा, शेवटच्या प्लेटचा लहान या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. दुसरी गोष्ट अगरची जाडी. म्युलर-हिंटन अगर ४ मिलिमीटर जाडीचा हवा, म्हणजे ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलिलिटर. अंदाजाने ओतलेल्या प्लेट एकमेकींशी तुलना करण्याजोग्या नसतात. ओटा एका बाजूला कलता असेल तर एकाच प्लेटच्या दोन कडांवर जाडी वेगळी येते आणि झोन अंड्याच्या आकाराचे दिसतात.

आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे वळू, कारण इथल्या प्रयोगशाळांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष तिथे आहे. मे महिन्यात शहराचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वरच्या मजल्यावरची, गच्चीखालची खोली रात्रीही निवत नाही. साधा बॅक्टेरियॉलॉजिकल इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करण्याची सोय त्याच्यात नसते. खोलीत ४१ अंश असतील तर ३७ वर लावलेला इनक्युबेटर ३७ वर राहूच शकत नाही. हीटर बंद होतो आणि आतले तापमान खोलीच्या मागोमाग चढत जाते. प्रमाण पद्धतीत ३५ अंश, दोन अंश कमी-अधिक, आणि १६ ते १८ तास अशी अट आहे. त्या मर्यादेबाहेर जिवाणूंची वाढ मंदावली की झोन फुगतो आणि अर्क अचानक प्रभावी झाल्याचा भास होतो. दरवाजावरच्या आकड्यावर विसंबू नये. आतल्या मधल्या फळीवर, पाण्याच्या छोट्या चंबूत बुडवलेला थर्मामीटर ठेवून सकाळ, दुपार आणि रात्री अशा नोंदी घ्याव्यात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हे काम थंड करण्याची सोय असलेल्या बीओडी इनक्युबेटरमध्येच करावे. अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीवर काम असेल आणि तापमान २८ अंश हवे असेल, तर बीओडीला पर्यायच नाही. रात्री वीज जाते त्या दिवसांत किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर ठेवला, तर सकाळी आल्यावर रात्री आत काय झाले ते तरी कळते.

उष्णतेचे आणखी दोन परिणाम आहेत. अगर साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या ओट्यावर ओतलेली प्लेट बराच वेळ लिबलिबीत राहते आणि तिच्यात बोअररने (भोक पाडण्याच्या नळीने) वेल पाडताना कड फाटते. फाटलेल्या कडेतून अर्क अगरच्या खाली शिरतो आणि तळाच्या काचेवरून पसरत जातो. अशा वेळी झोन एका बाजूला ओघळल्यासारखा दिसतो. प्लेट उलटी करून तळाकडून पाहिले, तर अर्काचा तपकिरी ओघळ स्पष्ट दिसतो. प्लेट सकाळी लवकर ओताव्यात, वेल पाडल्यावर आतला अगरचा तुकडा सुईने न उचकता हलकेच उचलावा आणि वेलच्या तळाशी वितळलेल्या अगरचा एक थेंब टाकून तो बंद करावा. एवढे केले तर ही गळती जवळजवळ थांबते.

दुसरा परिणाम कूलरचा. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू ठेवल्याशिवाय बसवत नाही हे खरे, पण त्याच्या ओल्या गवताच्या किंवा वाळ्याच्या पडद्यांवर बुरशी वाढते आणि पंखा तिचे बीजाणू थेट ओट्यावर आणतो. त्याच झोताने बर्नरची ज्योतही हलते. वेलमध्ये अर्क भरताना, प्लेट उघडी असताना कूलर बंद ठेवावा आणि तेवढी दहा-पंधरा मिनिटे घाम सोसावा. काम लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) होत असले तरी झोत थेट त्याच्या तोंडावर येऊ देऊ नये, कारण आतल्या हवेचा प्रवाह त्याने मोडतो.

चकतीचा झोन ठीक आहे आणि अर्काचाच बदलतो आहे, असे असेल तर पहिला प्रश्न द्रावकाचा. मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क पूर्ण वाळलेला नसेल, तर उरलेले मिथेनॉल स्वतःच जिवाणू मारते आणि झोन मोठा दिसतो. रोटरी इव्हॅपोरेटरवर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) ४० अंशांना मिथेनॉल नीट उडते, पण कंडेन्सरमधले पाणी गार असेल तरच ते परत जमते. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे तापलेले पाणी त्यासाठी निरुपयोगी असते. बादलीत बर्फ घालून छोट्या पंपाने तेच पाणी फिरवत ठेवावे, किंवा हे काम पहाटे उरकावे. वाळलेला अर्क वजन स्थिर होईपर्यंत डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून पुन्हा पुन्हा तोलावा. लागोपाठच्या दोन वजनांत फरक उरला नाही, की द्रावक गेला असे समजावे.

वाळलेला अर्क ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओ या द्रावकाबद्दल दोन गोष्टी. शुद्ध डीएमएसओ काही जिवाणूंवर स्वतःच लहान झोन देऊ शकतो, म्हणून द्रावकाचा कंट्रोल त्याच तीव्रतेचा आणि तेवढ्याच मायक्रोलिटरचा हवा. वेलसाठी १० टक्क्यांपर्यंतचे द्रावण आणि ब्रॉथमधल्या (द्रव माध्यमातल्या) चाचणीत अंतिम प्रमाण १ ते २ टक्क्यांच्या आत ठेवणे श्रेयस्कर. दुसरी गोष्ट अशी की डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. फ्रीजमध्ये तर तो गोठतोच, पण डिसेंबर-जानेवारीच्या नागपुरी थंडीत सकाळी कपाटातल्या बाटलीतही त्याचे खडे झालेले दिसतात. अर्धवट वितळलेल्या कुपीतून वरचा द्रव पिपेटने घेतला, तर त्यातली अर्काची तीव्रता लेबलवर लिहिलेल्या तीव्रतेशी जुळत नाही. कुपी पूर्ण वितळू द्यावी, व्हॉर्टेक्सवर नीट फिरवावी आणि मगच घ्यावी. गाळणीसाठी ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर वापरत असाल तर त्याचा पडदा नायलॉनचा किंवा पीटीएफईचा घ्यावा, कारण डीएमएसओने सेल्युलोज नायट्रेटचा पडदा विरघळतो आणि गाळण होतच नाही.

पावसाळ्यात अर्क चिकट होतो, कारण तो हवेतला ओलावा ओढून घेतो. जुलैत तोललेल्या १०० मिलिग्रॅममध्ये मार्चमधल्या १०० मिलिग्रॅमपेक्षा प्रत्यक्ष अर्क कमी असतो. छोट्या कुप्यांत भाग पाडून, घट्ट बूच लावून, सिलिका जेलसह ठेवावा आणि एकदा उघडलेली कुपी पुन्हा साठवणीत टाकू नये.

आता त्या तपकिरी कडेबद्दल, कारण सालीच्या अर्कात सर्वाधिक फसगत तिथेच होते. अर्जुन, बाभूळ, खैर, ऐन या सालींत टॅनिन हा तुरट घटक भरपूर असतो. टॅनिन प्रथिनांशी आणि पेप्टाइडांशी बांधले जाते आणि म्युलर-हिंटन अगरमध्ये बीफचा अर्क आणि केसिनचे विघटित रूप असल्याने वेलभोवती साका धरतो. ही कड धुरकट, करडी किंवा तपकिरी असते, तिच्यातून पलीकडचे अक्षर स्वच्छ दिसत नाही आणि तिची बाहेरची सीमा हळूहळू विरत जाते. खऱ्या झोनमध्ये अगर पारदर्शक असतो आणि वाढीची कड बरीच ठळक असते. शंका असेल तर प्लेट उजेडासमोर तिरकी धरून पाहावी आणि मग निर्जंतुक लूपने कडेच्या आतल्या भागाला स्पर्श करून ताज्या न्यूट्रिअंट अगरवर रेघ ओढावी. रेघेवर भरगच्च वाढ आली, तर ती कड साक्याची होती असे धरावे. अगदी विरळ वसाहती आल्या, तर प्रभाव रोखण्यापुरता आहे, मारण्याइतका नाही. काहीच आले नाही, तरच तो भाग झोन म्हणून मोजावा.

टॅनिन झोन लहानही करते. मोठे रेणू अगरात सावकाश सरकतात आणि वाटेतल्या पेप्टाइडांशी बांधले जाऊन थांबतात. त्यामुळे झोन नसणे आणि प्रभाव नसणे या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. प्रभाव टॅनिनचा आहे की दुसऱ्या घटकाचा, हे पाहायचे असेल तर अर्काचा एक भाग टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिव्हायनिल पॉलिपायरोलिडोनमधून काढावा, फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून निळा-काळा किंवा हिरवा रंग जवळजवळ गेल्याची खात्री करावी आणि मूळ अर्क व टॅनिन काढलेला अर्क एकाच प्लेटवर शेजारी शेजारी ठेवावेत. सालीचे पाण्यातले अर्क बहुधा आम्लधर्मीही असतात. अर्काचा पीएच मोजावा आणि तेवढ्याच पीएचला आणलेला नुसता द्रावक एका वेलमध्ये भरावा. त्या वेललाही झोन आला, तर तुम्ही बऱ्याच अंशी आम्लाचा प्रभाव मोजत होता.

पाण्यातल्या अर्काची आणखी एक खोड आहे. सालीच्या भेगांत मातीतल्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू असतात, ते १०० अंशांच्या उकळीतही टिकतात आणि झोनच्या आत, वेलच्या अगदी लगत, पसरट कोरड्या वसाहती उगवतात. त्यांना प्रतिरोधक जिवाणू समजू नये. ग्रॅम रंजन करावे. स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर दांडीच्या आकाराचे, आत न रंगलेला बीजाणू असलेले जिवाणू दिसले, तर ते अर्कातून आलेले आहेत. अर्क आधी जाड गाळणीतून, मग सेंट्रिफ्यूजमधून आणि मग ०.४५ व ०.२२ मायक्रॉनमधून काढावा. थेट ०.२२ वर गेल्यास चिकामुळे फिल्टर लगेच तुंबतो. ऑटोक्लेव्ह करणे हा उपाय नव्हे, कारण १२१ अंशांना टॅनिनचे आणि इतर घटकांचे विघटन होऊ शकते.

हे सगळे तपासून झाले आणि तरीही दोन खेपांत फरक राहिला, तर मग सालीकडे यावे. इतवारीच्या बाजारातून जडीबुटी म्हणून आणलेल्या तुकड्यांची ओळख पटवणे कठीण असते, कारण तुकडे होताना ओळखीच्या खुणाच निघून जातात. उभ्या झाडावर फरक सोपा आहे: अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, करडी-हिरवट असून पापुद्र्यांनी सुटते आणि आतून गुलाबीसर असते, तर त्याच कुळातल्या ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ होते. अशोकाच्या सालीच्या नावाखाली बंगल्यांच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या उंच, सरळ खोट्या अशोकाची साल खपवली जाते. पांढऱ्या कुड्यात कोनेसिन हा अल्कलॉइड असतो. टीएलसी (अर्कातले घटक पातळ थरावर वेगळे करण्याची चाचणी) करून ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक फवारला की अल्कलॉइडांचे नारिंगी ठिपके दिसतात, म्हणून दर खेपेच्या सालीची टीएलसी पहिल्या खेपेच्या शेजारी चालवून पाहावी. सर्वांत चांगले म्हणजे झाड स्वतः पाहून, फुला-फळांसह फांदीचा नमुना घेऊन, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून घ्यावी आणि हर्बेरियममधला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला) नमुना क्रमांक प्रबंधात लिहावा. जंगलातून साल घ्यायची असेल तर वन विभागाची परवानगी लागते. खोडाभोवती पूर्ण वळसा घालून साल कधीही काढू नये, झाड वाळते. कापलेल्या किंवा मोडून पडलेल्या फांदीची साल पुरते. ती सावलीत वाळवावी. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवसांत कडक झालेली साल आणि हिवाळ्यात आठवडाभर सावलीत वाळलेली साल यांना एकच नमुना मानू नये.

तीन प्लेटवर एकच अर्क घालून त्यांना तीन पुनरावृत्त्या म्हणण्याची प्रथा मला पटत नाही. त्याने फक्त तुमच्या हाताची सफाई कळते. निदान तीन वेगवेगळ्या झाडांची साल, तीन वेगवेगळे अर्क, तीन वेगवेगळे दिवस, असे झाल्यावरच सरासरी काढावी. जेंटामायसिनशी मिलिमीटरची तुलनाही करू नये. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अर्काचे १०० मायक्रोलिटर म्हणजे वेलमध्ये १० मिलिग्रॅम, चकतीच्या १० मायक्रोग्रॅमच्या हजारपट, आणि दोन्ही पदार्थ अगरात पसरण्याचा वेगही वेगळा.

म्हणून झोन मिळाल्यावर ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (अर्क द्रव माध्यमात टप्प्याटप्प्याने विरळ करून) एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान तीव्रता, काढणे आवश्यक आहे. तिथे अर्काच्या गडद रंगामुळे गढूळपणा दिसत नाही आणि बहुतेक जण रेझाझुरिन हा वाढ दाखवणारा रंग घालतात. जिवाणू वाढत असतील तर निळा रंग गुलाबी होतो, हे खरे, पण सालीतली पॉलिफेनॉल्सही रेझाझुरिनचा आणि त्याच कामाच्या टेट्राझोलियमचा रंग स्वतःहून बदलू शकतात. अर्काच्या प्रत्येक तीव्रतेसाठी जिवाणू न घातलेली एक रांग ठेवावी. त्या रांगेत जिथपर्यंत गुलाबी आले, तिथपर्यंतच्या वेलचा रंग ग्राह्य धरू नये आणि त्या वेलमधले १० मायक्रोलिटर थेट ताज्या अगरवर टाकून, दुसऱ्या दिवशीच्या वाढीवरून निकाल लिहावा.